मोहोर, फवारणी आणि लेवीय

‘ताई, आम्ही वेंगुर्ले तालुक्यातले. हापूसची कलमं आहेत, थोडा काजू आहे. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर यंदा एका वर्षात संपूर्ण बायबल वाचायचा उपक्रम सुरू झाला. रोज तीन-चार अध्याय वाचायचे, झाले की ग्रुपवर हिरवी टिक टाकायची. उत्पत्ती आणि निर्गम आवडीने वाचलं. जानेवारी संपता संपता तिसरं पुस्तक लेवीय लागलं आणि तिथंच रुतले. त्यात फवारण्या, मग काजू, मग आंब्याची काढणी. रात्री पुस्तक उघडलं की पाच ओळींत डोळे मिटायचे. काही दिवस न वाचताच टिक टाकली, मग तेही सोडलं. आता तीनशेच्या वर अध्याय मागे पडलेत. पुस्तक नुसतं समोर दिसलं तरी अपराधी वाटतं. मिस्टर म्हणतात, “एवढं वाचून काय परीक्षेला बसायचंय?” सासूबाई मात्र रोज सकाळी एक स्तोत्र म्हणतात, लग्न होऊन आल्यापासून त्यांचा नेम चुकलेला मी पाहिला नाही. माझा विश्वासच कमी पडतोय का? वाचन सोडून नुसती प्रार्थना केली तर चालेल का? ता. क. – सासूबाईंना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही. मोठ्या अक्षरातलं बायबल मिळतं का?’
– एक भगिनी, वेंगुर्ले

प्रिय ताई,

जय ख्रिस्त. तुमचं पत्र मे महिन्यातलं आहे, म्हणजे पेट्या भरता भरताच लिहिलेलं असणार. त्या धबडग्यात बसून एवढं लिहिलंत, तेव्हा तुमचा विश्वास आटला अशी काळजी मी तरी करणार नाही. ज्याला कशाचं काही पडलेलं नसतं तो पत्र लिहायला बसत नाही.

आधी त्या तक्त्याचा हिशेब बघू. आपल्या बायबलात ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय. ३६५ दिवसांनी भागले तर रोजचे सव्वातीन पडतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० झाले की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात लेवीय दारात उभं. जो कोणी पहिल्या पानापासून सुरुवात करतो त्याचं दरवर्षी हेच होतं, आणि फेब्रुवारीत सगळ्याच ग्रुपांवर हिरव्या टिका विरळ व्हायला लागतात. आपल्याकडे नेमका तेव्हाच मोहोरावर तुडतुडा किडा आणि भुरी रोग. ज्याने हा तक्ता बनवला त्याच्या घरी कलमं नसावीत. बरं, १ जानेवारीचाच मुहूर्त धरा असं काही शास्त्रात लिहिलेलं नाही. उलट निर्गमाच्या १२व्या अध्यायात देव इस्राएल लोकांचं वर्ष वसंतातल्या महिन्यापासून सुरू करून देतो.

आणि हे अध्याय तरी कुणी पाडले? मोशेने पाडले नाहीत, पौलाने आपल्या पत्रांत आकडे घातले नाहीत. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी १३व्या शतकातली, तिचं श्रेय इंग्लंडचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांना देतात. नव्या करारातल्या वचनांचे आकडे रॉबेर एस्तिएन नावाच्या छापखानेवाल्याने १५५१ साली घातले. सापडायला सोपं जावं म्हणून केलेली ही सोय, आणि उत्तम सोय आहे. पण भक्ती त्या मापाने मोजायची नसते.

तेव्हा ते तीनशे अध्याय सोडून द्या. ते काही सोसायटीचं पीककर्ज नाही, की हप्ता थकला म्हणून व्याज चढत जाईल. दर रविवारी वीस-वीस अध्याय वाचून भरपाई करायचा मोह होईल, तो मुळीच करू नका. त्याने दोन रविवार उत्साह टिकतो, तिसऱ्या रविवारी पाहुणे येतात आणि चौथ्या रविवारी पुस्तकाकडे बघवत नाही. आज जिथं आहात तिथून पुढे.

तुम्ही अडलात तिथंच थोडं थांबायला मात्र मी तुम्हाला सांगणार आहे. लेवीय पुस्तक कंटाळवाणं वाटतं हे खरं. पहिले सात अध्याय नुसती अर्पणं, रक्त आणि चरबी. मग ११व्यात काय खावं आणि काय खाऊ नये. पाण्यातल्या ज्या जिवांना पंख आणि खवले नाहीत ते वर्ज्य, म्हणजे कोळंबी, तिसऱ्या, कुर्ल्या सगळं बाद. कोकणातल्या माणसाने तिथंच पुस्तक मिटलं तर मी त्याला फार बोल लावणार नाही. (पुढे प्रेषितांच्या कृत्यांत, १०व्या अध्यायात, समुद्रकाठच्या यापो गावी येशूचा शिष्य पेत्र याला छपरावर दर्शन होतं, त्यात वर्ज्य प्राणी ‘मारून खा’ असं सांगतात, ते याच यादीवर. यादी वाचलेली नसेल तर पेत्र एवढा का दचकतो ते कळत नाही.) १३ आणि १४मध्ये चट्टे, डाग आणि भिंतीवरची बुरशी. तो बुरशीचा भाग पावसाळ्यात वाचा, जेव्हा आपल्याच भिंतींना ओल आलेली असते. घराच्या भिंतीवर हिरवट-तांबूस डाग दिसले की याजकाला बोलवायचं, पण तो आत पाऊल टाकण्याआधी घरातलं सामान बाहेर काढून ठेवायचं. का, तर त्याने घर अशुद्ध ठरवलं तर आतल्या सगळ्या वस्तूही अशुद्ध ठरतील, म्हणून. भांडीकुंडी, अंथरुणं वाचावीत एवढ्यासाठी नियमातच सोडलेली ही फट. भिंत नंतर खरवडायची, दगड बदलायचे, नवा गिलावा करायचा. पण गरिबाचं सामान आधी बाहेर. हे ज्याने लिहून ठेवलं त्याला घर चालवणं म्हणजे काय ते ठाऊक होतं.

आता १९वा अध्याय उघडा. फक्त ३७ वचनं आहेत. पाऊस सुरू होईपर्यंत तुम्ही एवढंच वाचावं असं माझं म्हणणं आहे.

२३ ते २५ या वचनांत फळझाडांचा नियम आहे. देशात जाल, फळझाड लावाल, तर पहिली तीन वर्षं त्याचं फळ खायचं नाही. चौथ्या वर्षाचं सगळं फळ परमेश्वराच्या स्तुतीसाठी. पाचव्या वर्षापासून तुम्ही खा. शहरातल्या पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, हे वचन समजावून सांगायचं तर टीकाग्रंथ धुंडाळावे लागतील. तुम्हाला कशाला? तुम्ही नर्सरीतून कोय कलम आणून लावता, ते कमरेएवढंही झालेलं नसतं आणि त्याला तुरा येतो. मग तुमचे मिस्टर काय करतात? खुडून टाकतात. पहिली तीन-चार वर्षं मोहोर धरू द्यायचा नाही, झाडाने आधी खोड आणि फांद्या धरायच्या, हे कृषी विद्यापीठाचे लोकही सांगतात आणि तुमच्या आजेसासऱ्यांनाही माहीत होतं. हा नियम बागायतीच्या शास्त्रासाठी दिला होता असं मी म्हणत नाही, तसं ओढूनताणून जुळवू नये. पण हातभर झाडावरचा तुरा खुडताना हात कसा अडखळतो, हे ज्याने अनुभवलंय त्याला त्या तीन वर्षांचं मोल जेवढं कळतं तेवढं मला कळणार नाही.

आणि खरी मेख चौथ्या वर्षात आहे. तीन वर्षं खर्चच खर्च, चौथ्या वर्षी पहिल्यांदा हाती काही लागणार, आणि तेच देवाला द्यायचं. आपल्याकडे हंगामातली पहिली पेटी वाशीच्या बाजारात किती हजारांना गेली याची वर्तमानपत्रात बातमी येते. त्या बातमीशेजारी हे वचन ठेवून बघा. उत्तर मी देणार नाही, ते तुमच्या घरात जेवणाच्या पानावर निघालं पाहिजे. मिस्टरांना विचारा, ‘अहो, पहिल्या तीन वर्षांत मोहोर का खुडतात, आणि चौथ्या वर्षाचं पीक कोणी मागितलं तर तुम्ही द्याल का?’ परीक्षेला बसायचंय का म्हणणारा माणूस या प्रश्नावर अर्धा तास बोलेल. बायबल अभ्यास म्हणतात तो हाच, फक्त त्यांना तसं सांगू नका.

त्याच अध्यायात मागे या. १३वं वचन, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नकोस. ९ आणि १०, शेताच्या कडा कापू नका, मळ्यात पडलेली फळं वेचू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी असू द्या. परक्या मुलखातली विधवा रूथ बवाजच्या शेतात सरवा वेचते ती याच नियमाच्या आधाराने. आणि ३३-३४, तुमच्या देशात राहणाऱ्या परक्याला छळू नका, तो तुमच्यातच जन्मल्यासारखा समजा, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा. तुमच्या बागेत राखणीला नेपाळी कुटुंब असेल, नसेल तर शेजारच्या बागेत नक्की असेल. शेडमध्ये राहतं, वानरं हाकतं, पेट्या उचलतं. त्यांचा हिशेब हंगाम संपल्यावर होतो की आठवड्याच्या आठवड्याला? त्यांचं लेकरू पडलेला आंबा उचलतं तेव्हा कुणी ओरडतं का? मला तुमच्या घरातलं काहीच माहीत नाही, मी आरोप करत नाही. फक्त एवढंच, की ‘जसा स्वतःवर तशी शेजाऱ्यावर प्रीती कर’ ही आज्ञा येशू सांगतो ती त्याने उचलली याच अध्यायातून, १८व्या वचनातून. ती इथं मजुरी, सरवा आणि वजनकाट्याच्या मधोमध बसली आहे. (हो, ३५-३६मध्ये खरा काटा आणि खरी मापंही आहेत. पेटी वरून देखणी आणि खाली बारीक फळ, ही कला आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही.)

अडगळीत टाकलेल्या या पुस्तकात अजून एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. अर्पणाला कोकरू आणायचं, पण कोकरू परवडत नसेल तर दोन होले किंवा दोन पारव्याची पिल्लं. पाचव्या अध्यायात पापार्पणासाठी याच्याही खाली उतरतात. पाखरंही परवडत नसतील तर थोडं पीठ चालेल. आता लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढा. बाळ येशूला घेऊन मरीया आणि योसेफ मंदिरात येतात आणि अर्पण काय करतात? पाखरांची जोडी. लूक त्यावर एक शब्दही जादा लिहीत नाही. लेवीयचा १२वा अध्याय वाचलेल्या माणसालाच कळतं की या घरात कोकराचे पैसे नव्हते. नाताळात किती प्रवचनं ऐकली असतील आपण, आणि या गरिबीचा दाखला तुम्ही जिथं झोपी जात होतात त्या पानांत आहे.

‘नुसती प्रार्थना केली तर चालेल का?’ माझं मत विचाराल तर नको. नुसत्या प्रार्थनेचं काय होतं ते आपल्या घरात बघा. आठ दिवसांत ती यादी होते. पाऊस लवकर पडू नये, दर पडू नयेत, धाकटीला मार्क पडावेत. हे सगळं देवाजवळ मागावंच, पण तेवढंच उरतं. दुःखाच्या दिवशी तर ती यादीही सुचत नाही. येशूने वधस्तंभावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ असा आक्रोश केला, ते २२व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. प्राण सोडताना आत्मा पित्याच्या हाती सोपवल्याचे शब्द ३१व्या स्तोत्रातले. त्या घटकेलाही त्याने लहानपणापासून तोंडी असलेले शब्द वापरले. तुमच्या सासूबाई वर्षानुवर्षं रोज करताहेत ते हेच. १५० स्तोत्रांच्या किती फेऱ्या झाल्या हे त्यांना विचारलंत तर त्या तुमच्याकडे वेड्यासारख्या बघतील. त्यांनी कधी बायबल ‘पूर्ण’ केलं असेल की नाही, मला शंकाच आहे.

म्हणून त्यांनाच जोडीला घ्या. त्यांना दिसत नाही, तुम्हाला झोप येते. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी, जेवणाआधी, पाच-दहा वचनं तुम्ही मोठ्याने वाचा, त्या ऐकतील. मोठ्याने वाचताना डोळा लागत नाही, आणि समोर सासू बसलेली असताना तर नाहीच. पहिल्या मंडळ्यांत असंच चालायचं. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल बजावतो की हे पत्र सगळ्या बंधूंना वाचून दाखवा. घरोघरी छापील प्रत ठेवून एकट्याने मनात वाचणं ही चाल त्या मानाने अलीकडची. आणि जे कळत नाही ते कळत नाही म्हणायला लाजू नका. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूशी देशाचा मोठा अधिकारी रथात बसून यशया वाचत असतो, सुवार्तिक फिलिप्प विचारतो, ‘वाचता ते समजतं का?’ आणि तो सरळ म्हणतो, कोणी सांगितल्याशिवाय कसं समजणार. राणीच्या सगळ्या भांडाराचा तो कारभारी! आपल्याकडे पाळकसाहेबांना शंका विचारायची म्हणजे ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प बसतात. विचारा. न पटलेलं वचन पेट्यांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा आणि रविवारी उपासनेनंतर धरा त्यांना दारातच.

मिरगाचा पाऊस लागला, बागेतलं काम आवरलं, की मार्कचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय आहेत, आठवड्याला एक धरला तर जून ते सप्टेंबर पुरतं. लावणीच्या आठवड्यात राहिलं तर राहिलं. ऑक्टोबरात बेणणी सुरू व्हायच्या आत संपलं तरी छान, नाही संपलं तरी मार्क काही पळून जात नाही. भाषा जड वाटत असेल तर शेजारी दुसरं भाषांतर ठेवा. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ कॅथलिक प्रत आहे, त्यात आपल्यापेक्षा सात पुस्तकं जास्त आहेत म्हणून बिचकू नका. मार्क दोन्हीकडे तोच आहे आणि मराठी वाहती आहे. बायबल सर्वांना कळेल अशा साध्या मराठीत असावं म्हणून पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अखेरपर्यंत भाषांतर करत राहिल्या. तेव्हा सोपं वाचणं म्हणजे कमी दर्जाचं वाचणं, हे डोक्यातून काढा.

राहिली ती टिक. न वाचता टाकलीत ते खोटं होतं, तुम्हालाही ते कळलंय, मी जास्त ताणत नाही. ग्रुपवर एक ओळ लिहा. ‘माझं वाचन लेवीयमध्ये थांबलं, मधल्या काही टिका न वाचताच टाकल्या होत्या, आता मी हळू वाचणार आहे.’ माफीचं लांबलचक पत्र नको. पैज लावणं बरं नव्हे, तरी लावते की दिवसभरात दोन-तीन बायका तुम्हाला खासगीत लिहितील, ‘माझंपण तसंच.’ आणि ग्रुपचे अ‍ॅडमिन हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती. मागे राहिलेल्यांची नावं ग्रुपवर टाकत जाऊ नका. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लेवी वंशातले सेवक लोकांना अर्थ समजावून सांगतात, आणि ऐकता ऐकता लोक रडायला लागतात. तेव्हा पुढाऱ्यांनी काय सांगितलं? रडू नका, घरी जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या आणि ज्याच्या घरी काही नाही त्याला वाटा पाठवा. हजेरी घेतल्याचं तिथं लिहिलेलं नाही.

आता ता. क. मोठ्या अक्षरातलं मराठी बायबल मिळतं. बायबल सोसायटीच्या दुकानात विचारा, किंवा मंडळीतलं कोणी मुंबई-पुण्याला जाणार असेल तर त्यांच्याकडून मागवा. प्रत जाड आणि जड असते, मांडीवर पेलत नाही, म्हणून सासूबाईंसाठी पाट किंवा छोटं टेबल लागेल. मोबाईलवर मराठी ऑडिओ बायबलही ऐकता येतं, पण पावसाळ्यात आपल्याकडची लाईट तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा छापील प्रत हवीच. मात्र पैसे घालवण्याआधी एकदा त्यांचे डोळे तपासून घ्या. या वयात मोतीबिंदू असायची शक्यता बरीच असते, आणि तो असला तर ऑपरेशननंतर कदाचित त्यांना आपलं जुनंच बायबल पुरेल.

तुमची,
ताई